आजव्याची लेव्हल सगळ्यांना पाठ, मग घरामागच्या तळ्याची कोण लिहिणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून संपत आला की आपल्या बडोद्यात कोणीही कोणाला भेटलं तरी दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला आजव्याचा, म्हणजे शहराला पाणी देणाऱ्या सरोवराचा, विषय निघतोच. भाजीवाल्या बेन विचारतात, "आजवा केटलुं थयुं?" (किती झालं?) आणि आपण पण लगेच सांगतो, २०९ झालं, २१० झालं, आणि आकडा २११ फुटांच्या जवळ आला की आता पाणी विश्वामित्रीत सुटणार म्हणून घरातली मोठी माणसं खालच्या कपाटातल्या वस्तू वर सरकवायला लागतात. काळाघोड्याच्या पुलापाशी विश्वामित्री नदी २६ फुटांवर गेली की धोका, हे तर शाळेतल्या पोरांना पण माहीत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तोच आकडा ३५ च्याही वर गेला तेव्हा अख्खं शहर रात्रभर जागं राहून मोबाईलवर तेवढी एकच गोष्ट बघत होतं, आणि त्याआधी ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला तेव्हाही तेच झालं होतं. म्हणजे पाण्याची पातळी बघणं आणि त्यावरून आपण काय करायचं ते ठरवणं हे बडोदेकरांना कोणी शिकवायची गरजच नाही.

मग मला सांगा, तुमच्या घराजवळच्या छोट्या तळ्यात आज किती पाणी आहे? गोरवा, गोत्री, समा, हरणी, तरसाली, छाणी ही सगळी आधी वेगळी गावं होती, प्रत्येक गावाला आपलं तळं होतं, शहर वाढत वाढत तिथपर्यंत गेलं आणि तळी सोसायट्यांच्या मधे येऊन बसली. काहींची नावं तरी लोकांना माहीत आहेत, बाकी कितीतरी नुसती "पेलुं पाछळनुं तलाव", ते मागचं तळं, म्हणून ओळखली जातात. त्यांची पातळी कोणी लिहीत नाही. मागच्या वर्षी दिवाळीला किती पाणी होतं, मे महिन्यात कुठपर्यंत उतरलं, मोठा पाऊस झाला त्या रात्री किती चढलं, यातलं काहीच कुठे लिहिलेलं सापडत नाही. आणि जे लिहिलेलं नाही त्याच्यासाठी भांडता येत नाही, हे मी अनुभवावरून सांगतोय.

आमच्या तळ्याचंच घ्या. तळं उन्हाळ्यात लवकर आटायला लागलंय असं आम्हा आजूबाजूच्या सगळ्यांना वाटत होतं, म्हणून आम्ही पाच-सहा जण एका ऑफिसात भेटायला गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा पण दिला, आणि मग एकच प्रश्न विचारला, आधी किती होतं? आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. एक जण म्हणाला पायरीपर्यंत असायचं, दुसरा म्हणाला नाही वडाच्या मुळांपर्यंत, तिसरे काका म्हणाले आमच्या लहानपणी तर रस्त्यापर्यंत. साहेब म्हणाले उन्हाळ्यात सगळीच तळी आटतात हो. त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी काही चुकीचं विचारलं असं मी म्हणणार नाही, प्रश्न बरोबरच होता, पण त्याचं उत्तर द्यायला कागद लागतो आणि तो कागद कोणाकडेच नव्हता, आमच्याकडे नाही आणि त्यांच्याकडे पण नाही.

आमच्या ग्रुपमध्ये पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले एक काका आहेत, त्यांनी आयुष्यभर कॅनॉल आणि धरणांवरच्या गेज पट्ट्या वाचल्यात, ते परत येताना म्हणाले की आता भाषणं बंद करा आणि पाण्यात पट्टी उभी करा. तेव्हापासून आमच्या तळ्यावर रोज रीडिंग होतंय आणि हे पत्र मी त्यासाठीच लिहितोय, की हे काम बडोद्यातल्या प्रत्येक छोट्या तळ्यावर व्हायला पाहिजे आणि ते तळ्याच्या काठावर राहणाऱ्या माणसांनीच करायला पाहिजे.

पट्टी म्हणजे काही मोठी मशीन नाही. पांढऱ्या पत्र्यावर मीटर आणि सेंटिमीटरच्या काळ्या खुणा असतात, तशा पट्ट्या लोखंडी अँगलवर ठोकून पाण्यात उभ्या करायच्या. पण उभ्या कुठे करायच्या ते महत्त्वाचं आहे. काठावर केली तर डिसेंबरातच पट्टी कोरडी पडते आणि पुढचे सहा महिने वाचायला काही राहतच नाही, म्हणून मे महिन्यात जिथे शेवटचं पाणी उरतं तिथे पहिली पट्टी, मग उताराप्रमाणे वर सरकत दुसरी, तिसरी, आणि सगळ्यांचे आकडे एकमेकांना जोडून घेतलेले, म्हणजे एका पट्टीचा वरचा आकडा जिथे संपतो तिथून पुढची सुरू. हे काम उन्हाळ्यात तळ उघडा पडतो तेव्हाच होतं, पावसाळा सुरू झाल्यावर कोणी उत्साहाने पट्टी लावायला निघालं तर ती काठावरच लागणार आणि उपयोगाची राहणार नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी काकांनी आमच्याकडून फार कटकट करून करून घेतली, ती म्हणजे बेंचमार्क. चिखलात उभी केलेली पट्टी हळूहळू खचते, म्हशी अंग घासतात, पोरं दगड मारतात, आणि पट्टी दोन सेंटिमीटर खाली गेली तर पाणी दोन सेंटिमीटर वाढल्यासारखं दिसतं. म्हणून जवळच्या एखाद्या पक्क्या जागेवर, आमच्याकडे महादेवाच्या देरीचा, छोट्या देवळाचा, जुना दगडी ओटा आहे त्यावर, एक कायमची खूण करायची आणि वर्षातून एकदा तरी लेव्हलच्या, म्हणजे उंची मोजायच्या, दुर्बिणीने त्या खुणेपासून पट्टीचा शून्य तपासायचा. तीच खूण सरकारी आर.एल.ला जोडली, म्हणजे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीशी, तर मग आपल्या तळ्याचा आकडा आजव्याच्या आकड्याशेजारी ठेवून वाचता येतो. आजव्याचे ते २११ फूट म्हणजे काही पाण्याची खोली नाही, तीही समुद्रसपाटीपासूनचीच उंची आहे, पुष्कळ लोकांना हे माहीत नसतं.

आपल्याकडे अजून एक अडचण आहे जी बहुतेक गावांत नसते, मगर. विश्वामित्रीतल्या मगरी पावसाळ्यात कांसांमधून, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांमधून, कुठल्याही तळ्यात येतात आणि नंतर तिथेच राहतात. त्यामुळे आमचा पहिला नियम असा की रीडिंगसाठी पाण्याकडे उतरायचं नाही, कधीच नाही, पाणी कितीही उथळ दिसू दे. पट्टीचे आकडे मोठे रंगवलेत, काठावरच्या ठरलेल्या जागेवर उभं राहून मोबाईलने झूम करून फोटो काढायचा आणि फोटोवरून आकडा लिहायचा. यात एक फायदा पण आहे, आकड्याबद्दल वाद झाला तर फोटो असतो. लहान मुलं एकटी जात नाहीत, सोबत मोठं कोणीतरी असतंच. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितोय कारण हे वाचून कोणी शाळेच्या मुलांना घेऊन तळ्यावर जायचं ठरवलं तर आधी हा नियम ठरवावा आणि मगच निघावं.

वेळ सकाळी साडेआठची. हवामान खातं पावसाचं माप सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असं धरतं, त्यामुळे आपण पण त्याच वेळेला घेतलं की पाऊस आणि पाणी यांचा हिशोब जुळतो, शिवाय सकाळी वारा कमी असतो आणि लाटा नसतात. लाट असेल तर वरचा आणि खालचा आकडा बघून मधला लिहायचा. एखाद्या दिवशी कोणालाच जमलं नाही तर ती जागा कोरी ठेवायची, अंदाजाने भरायची नाही. हे सगळ्यात कठीण असतं बरं का, कारण कोरी जागा बघून लोकांना राहवत नाही, काल एवढं होतं परवा एवढं आहे मग मधे एवढं असेल म्हणून भरून टाकावंसं वाटतं, आणि असा एक खोटा आकडा सापडला की सगळ्या वहीवरचा विश्वास जातो. चुकीचं लिहिलं गेलं तर खोडायचं नाही, एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा आणि सही. आमच्याकडे एक कागदी वही आहे आणि एक एक्सेल शीट, दोन्ही वेगवेगळ्या माणसांकडे.

आता याचा उपयोग काय ते सांगतो, कारण सोसायटीच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न हाच येतो की रोज आकडे लिहून पाणी वाढणार आहे का. नाही वाढणार. पण बघा, एक हेक्टरचं तळं असेल, म्हणजे शंभर मीटर बाय शंभर मीटर, तर त्यातलं एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १०० घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर, दहा हजार लिटरवाले दहा टँकर. पट्टीवर करंगळीच्या रुंदीएवढं दिसणारं पाणी एवढं असतं. उन्हाळ्यात आपल्या भागात उघड्या तळ्यातून दिवसाला साधारण ६ ते ८ मिलिमीटर पाणी उन्हाने उडून जातं, म्हणजे महिन्याला वीस-पंचवीस सेंटिमीटर. आता समजा एप्रिलमध्ये तुमचं तळं महिन्यात चाळीस सेंटिमीटर उतरलं, तर उरलेलं पंधरा-वीस कुठे गेलं? जमिनीत मुरलं असेल, आणि मुरलं तर चांगलंच आहे, आजूबाजूच्या बोअरला ते मिळतं, किंवा कोणीतरी उपसतंय, किंवा पाळीला कुठे गळती आहे. कोणतं कारण ते शोधायला लागतं, पण काहीतरी आहे एवढं तरी पट्टी सांगते, नाहीतर सगळंच उन्हावर ढकललं जातं.

उपसा ओळखायची एक सोपी रीत काकांनीच सांगितली. संध्याकाळी सूर्य मावळताना एक रीडिंग आणि सकाळी उजाडताना एक. रात्री पाणी थोडंफार उडतं पण दिवसाच्या मानाने खूपच कमी. मुरणं रात्रंदिवस सारखंच चालू असतं. त्यामुळे रात्रीत पाणी दिवसापेक्षा जास्त उतरलेलं दिसलं तर त्याला ऊन कारण नसतं आणि मुरणं पण कारण नसतं. आम्ही कोणाचं नाव घेत नाही आणि कोणावर आरोप करत नाही, पण आम्ही हे दोन वेळचे आकडे आमच्या काठावरच्या बोर्डावर खडूने लिहायला सुरुवात केली त्यानंतर रात्रीचा उतार कमी झाला, एवढं खरं आहे.

पावसाळ्यात हिशोब उलटा होतो आणि मला विचाराल तर खरी किंमत तिथे कळते. पन्नास मिलिमीटर पाऊस पडला तर तळ्याच्या स्वतःच्या अंगावर पाच सेंटिमीटर पाणी पडतं. पट्टी जर वीस सेंटिमीटर चढली असेल तर वरचे पंधरा आजूबाजूच्या जमिनीवरून, कांसातून वाहत आले. पुढच्या वर्षी तशाच पन्नास मिलिमीटरला, जमीन तशीच ओली असताना, पट्टी फक्त सात-आठ चढली तर समजायचं की पाणी यायची वाट कुठेतरी बंद झाली आहे. भूखी कांस सगळ्यांना माहीत आहे, तिच्याबद्दल बातम्या येतात, पण छोट्या तळ्यांना पाणी आणणाऱ्या कांसा दोन-तीन फूट रुंदीच्या असतात, बिननावाच्या, त्यावर कोणी रॅम्प बांधतो, कोणी मलबा टाकतो, रस्ता उंच करताना खालचा पाईप दाबला जातो, आणि कोणाच्या लक्षात पण येत नाही. आमच्याकडे हेच झालं होतं. चांगला पाऊस होऊन पण तळं चढेना, आम्ही पावसातच छत्र्या घेऊन कांसाच्या कडेने वर चालत गेलो तेव्हा एका ठिकाणी पाईपाच्या तोंडाशी बांधकामाचा मलबा आणि प्लास्टिक गच्च अडकलेलं, आणि सगळं पाणी वळून शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. म्हणजे तळं कोरडं आणि माणसांच्या घरात पाणी, एकाच पाईपामुळे. यावेळी आम्ही ऑफिसात गेलो ते वही घेऊन, दोन पावसांचे आकडे आणि फोटो घेऊन, आणि त्याच साहेबांनी काम लावून दिलं, त्यांचे आभार मानायलाच हवेत. आकडे असले की ऑफिसातल्या चांगल्या माणसाला पण काम करणं सोपं जातं, त्यालाही वरती काहीतरी दाखवावं लागतं ना.

त्या पार्किंगवरून अजून एक गोष्ट सुचली जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. काळाघोड्याला जसा २६ हा आकडा आहे तसा प्रत्येक तळ्याचा आपला आकडा असतो. पट्टीवर अमुक ठिकाणी पाणी आलं की आमच्या पहिल्या गल्लीत पाणी शिरतं, त्याच्या पंधरा सेंटिमीटर वर गेलं की ट्रान्सफॉर्मरच्या ओट्याला लागतं, हे आम्हाला आता माहीत आहे आणि त्या दोन्ही आकड्यांना लाल रंगाने खुणा केल्या आहेत. आता पावसाळ्यात रात्री ग्रुपवर फोटो आला की ज्यांना गाड्या काढायच्या असतात ते काढतात, आणि ज्या आजी तळमजल्यावर एकट्या राहतात त्यांच्याकडे कोणीतरी जातं. आता छोट्या तळ्यामुळे विश्वामित्रीचा पूर थांबेल असं मी म्हणत नाही, पावागढापासून येणारं पाणी, आजवा, प्रतापपुरा तलाव, त्यापुढे आमचं तळं म्हणजे काहीच नाही. पण शहरात दरवर्षी जे पाणी तुंबतं ते सगळंच काही नदीचं नसतं, त्यातलं पुष्कळसं आपल्याच गल्लीतल्या पावसाचं असतं ज्याला जायला जागा राहिली नाही, आणि त्या पाण्याला जूनच्या सुरुवातीला तळ्यात किती रिकामी जागा आहे हे माहीत असणं उपयोगाचं आहे.

तळ्याच्या सुशोभीकरणाबद्दल पण लिहायला पाहिजे. चालायला ट्रॅक झाला, बाकडी आली, दिवे लागले की आम्हालाही आवडतं, संध्याकाळी सगळे फिरायला जातात, सूरसागर तलावाभोवती माणसं बसलेली असतात ते बघून छानच वाटतं. पण छोट्या तळ्याभोवती पक्की भिंत बांधताना पाणी आत यायच्या जागा कुठे होत्या ते कोणी बघितलं नाही तर आतमध्ये फक्त आकाशातून पडेल तेवढंच पाणी राहतं आणि दोन वर्षांत सुंदर ट्रॅकच्या मधे जलपर्णी आणि चिखल. भिंत बांधायच्या आधी एका पावसाळ्याची तरी पातळी लिहिलेली असली तर इंजिनिअरला सांगता येतं की इथून पाणी येतं, इथे मोकळं ठेवा, आणि जास्तीचं पाणी इथून बाहेर जातं तिथे उंची वाढवू नका. शिवाय तळं पूर्ण भरल्यावर पाणी कुठपर्यंत येतं ती रेघ कोणी दगड रोवून पक्की केली नाही तर प्रत्येक उन्हाळ्यात काठ थोडा आत सरकतो. आटलेल्या तळ्याची कडा ही कोणालाही मोकळी जमीनच दिसते. केंद्र सरकारने देशातल्या जलाशयांची पहिली गणना केली त्याचा अहवाल २०२३ मध्ये आला, त्यात २४ लाखांहून जास्त तळी, तलाव, टाक्या नोंदल्या गेल्या, अतिक्रमण झालेली पण वेगळी मोजली. गणना झाली हे फार चांगलं झालं. पण गणना म्हणजे एका वेळेचं चित्र, रोजचं पासबुक नाही, कधी किती जमा झालं आणि कधी किती निघालं ते तिथे कळत नाही.

गाळाबद्दल एक सूचना. पट्टीवर आकडा तोच दिसला तरी पाणी तेवढंच असेल असं नाही, कारण तळ वर येत असतो. त्यासाठी वर्षातून एकदा होडीतून, माहितीतल्या माणसाला घेऊन आणि लाईफ जॅकेट घालून, दोरीला वजन बांधून ठरलेल्या ठिकाणी खोली मोजावी, नाहीतर मे महिन्यात उघड्या पडलेल्या तळाची उंची लेव्हलने घ्यावी. आम्ही दुसरं करतो, मगरीमुळे.

काही लोक म्हणतात हे सगळं आता सॅटेलाईटवरून होतं, माणसांनी कशाला उभं राहायचं. मोठ्या जलाशयांसाठी सॅटेलाईट उत्तमच आहे. पण आपल्या एक-दोन हेक्टरच्या तळ्यावर जलपर्णी पसरली की वरून ते हिरवं मैदानच दिसतं, आणि पाच सेंटिमीटरचा फरक तिथून कळत नाही. दुसरे म्हणतात सेन्सर लावा. लावा जरूर, पण बॅटरी संपते, चोरी होते, आणि सेन्सर बरोबर सांगतोय का ते तपासायला शेवटी पाण्यात पट्टी लागतेच.

आणि लोकांनी मोजलेलं चालत नाही असं म्हणणाऱ्यांना मी आपल्याच गुजरातचं उदाहरण देतो. अरवल्ली जिल्ह्यात मेघरजच्या भागात २०१२ पासून मार्वी नावाच्या प्रोजेक्टमध्ये गावातलेच शेतकरी 'भूजल जानकार' म्हणून तयार केले, ते दर आठवड्याला विहिरींची पातळी मोजायचे आणि त्यावरून गावात बसून पुढच्या हंगामाचं पीक ठरवायची चर्चा व्हायची, त्यांच्या आकड्यांवर शास्त्रज्ञांनी काम केलं. महाराष्ट्रातलं हिवरे बाजार तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे, तिथे दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडला जातो आणि मगच काय पेरायचं ते ठरतं. केंद्राची अटल भूजल योजना डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, त्यात गुजरात पण घेतलं गेलं, तिथेही गावकऱ्यांनी स्वतः मोजणं हाच पाया धरला. अमेरिकेत २०१० पासून एका विद्यापीठाने ओढ्यांत आणि तळ्यांत पट्ट्या लावून शेजारी फक्त एक फोन नंबर लिहिला, येणारा-जाणारा आकडा वाचून मेसेज करतो. तिकडे फिरायला आलेली अनोळखी माणसं हे करतात, मग आपण तर त्याच काठावर राहतो.

माझ्या मनाला सगळ्यात जास्त जे भावलं ते हे की या कामामुळे माणसं तळ्याकडे तोंड करून उभी राहायला लागली. आधी सगळ्यांच्या घरांची पाठ तळ्याकडे होती, कचरा तिकडे, गॅलरीला जाळी तिकडे. आता आमच्याकडे सोमवारचं रीडिंग एका गुजराती बेन घेतात ज्या आधी खिडकी पण उघडत नव्हत्या, बुधवारचं बारावीतली एक मुलगी आणि तिचे आजोबा, शनिवारचं तळ्यावर पूर्वी शिंगाडे लावायचे ते काका, आणि त्यांना पट्टी न बघता नुसत्या पाण्याच्या रंगावरून आणि काठावरच्या गवतावरून जे कळतं ते आमच्यापैकी कोणालाच कळत नाही. त्यांचं म्हणणं पण आम्ही वहीत शेरा म्हणून लिहितो. गणपतीच्या दिवसांत पाण्यात मूर्ती जाऊ नये, कृत्रिम तलावात जावी, हे आता सांगायला लागत नाही, कारण रोज ज्याचं पाणी मोजतो त्यात प्लास्टर कोण टाकेल.

ज्या सयाजीराव महाराजांनी सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी आजव्यासारखं सरोवर बांधून शहराला पाणी दिलं, डभोईजवळ वढवाण्यासारखा तलाव दिला जो २०२१ पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, त्यांच्या गावात आपण राहतो, आणि त्यांनी बांधलेल्या मोठ्या पाण्याची नोंद आजही रोज होते. छोट्या पाण्याची नोंद करायला महाराज लागत नाहीत, चार शेजारी पुरतात.

महापालिकेला माझी विनंती एवढीच आहे की शहरातल्या प्रत्येक तळ्याजवळ सरकारी आर.एल.ची एक पक्की खूण करून द्यावी, तळं पूर्ण भरल्यावरच्या पातळीला दगड रोवावेत आणि तळ्याला पाणी आणणाऱ्या कांसांचा नकाशा तिथेच बोर्डावर लावावा. रोज वाचायचं आणि लिहायचं काम लोक करतील, त्यासाठी माणूस नेमायची गरज नाही. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना तर सर्वेच्या प्रॅक्टिकलला हेच द्यावं, एका तळ्याची पट्टी आणि बेंचमार्क तपासून द्यायचा, त्यांचं शिक्षण होईल आणि आमचा शून्य पण बरोबर राहील.

आणि तुम्हाला एक विनंती, संपादक साहेब. पावसाळ्यात तुम्ही आजवा, प्रतापपुरा आणि काळाघोड्याचे आकडे छापता तिथेच खाली एक बोटभर जागा छोट्या तळ्यांना द्या. आठवड्यातून एकदा, सोमवारच्या अंकात चालेल. आमच्या तळ्याचा आकडा फोटोसकट रविवारी सकाळी नऊ वाजेपर्यंत तुमच्याकडे येईल, दर आठवड्याला, ही जबाबदारी आमच्या ग्रुपची. दुसऱ्या कोणत्या तळ्यावर कोणाला सुरू करायचं असेल तर त्यांनी तुमच्या ऑफिसात नाव कळवावं, आमचे काका दुर्बीण घेऊन स्वतः येऊन पट्टीची जागा ठरवून देतील, फक्त मे महिना संपायच्या आत बोलवा, कारण एकदा पाणी चढलं की खालची पट्टी लावता येत नाही.

आपला,
एका छोट्या तळ्याच्या काठावर राहणारा वाचक,
बडोदे